लहान क्रियापदांचे मोठे राज्य

परकी भाषा शिकणे म्हणजे तिचे शब्द पाठ करणे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. वहीच्या पानाच्या मधोमध एक उभी रेघ ओढावी, डावीकडे इंग्रजी शब्द लिहावा, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ लिहावा आणि रोज दहा शब्द याप्रमाणे वर्षाकाठी तीन हजारांहून अधिक शब्दांचे धन गाठीशी बांधावे, हा मार्ग आधीच्या पिढ्यांनी चोखाळला व आजचे विद्यार्थीही तोच चोखाळीत आहेत. या मार्गात कष्ट आहेत आणि कष्टाला आम्ही कधीही कमी लेखणार नाही. परंतु एवढे कष्ट घेऊनही दहावी उत्तीर्ण झालेला आपला विद्यार्थी इंग्रजीत चार साधी वाक्ये बोलताना का अडखळतो, या प्रश्नाचे उत्तर त्या उभ्या रेघेतच शोधले पाहिजे, असे आमचे मत आहे.

त्या रेघेच्या उजवीकडे अर्थाला एका शब्दापुरतीच जागा असते. 'एलिफंट' म्हणजे हत्ती, 'लोटस' म्हणजे कमळ, 'आयर्न' म्हणजे लोखंड, असे लिहिले की काम भागते. कारण हत्ती, कमळ आणि लोखंड या गोष्टी दोन्ही भाषांच्या बाहेर जगात आहेत, बोट दाखवून त्या ओळखता येतात. क्रियापदांचे तसे नाही. त्यातही जी क्रियापदे आखूड, रोजच्या वापरातील आणि दिसायला गरीब, तीच सर्वांत अधिक चकवतात. 'गेट' हे त्यांतले अग्रगण्य. वहीत 'गेट म्हणजे मिळणे' एवढे लिहून निघालेला विद्यार्थी पुढच्याच धड्यात 'इट इज गेटिंग डार्क' हे वाक्य वाचतो, तेव्हा 'अंधार मिळत आहे' असा अर्थ त्याच्या हाती लागतो. आजारी मित्राला पाठवायच्या 'गेट वेल सून' या शुभेच्छेचा अर्थ त्याने पाठांतराच्या बळावर लावला, तर तो 'लवकर विहीर मिळव' असा होतो. 'आय डोन्ट गेट यू' म्हणजे 'तू मला मिळत नाहीस'. यात हसू येण्याजोगे काही असले तरी दोष मुलाचा नाही. त्याने पाठ केले ते खरेच होते. मात्र ते फारच थोडे होते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: इंग्रजी भाषेचा रोजचा कारभार तिच्या मोठ्या शब्दांवर चालत नाही, 'गेट', 'टेक', 'मेक', 'पुट', 'गो', 'कम', 'रन', 'सेट' अशा मूठभर लहान क्रियापदांवर चालतो. ज्या घरांत इंग्रजी बोलली जाते त्या घरांतील मुलांना ही क्रियापदे फुकट, न शिकवता मिळतात. आपल्या मुलांना ती शाळेनेच द्यावी लागतील. आणि ती देण्याचा उत्तम मार्ग आपल्या मराठीतूनच जातो.

प्रथम या 'गेट'ची जन्मकथा पाहू. आठव्या शतकाच्या अखेरीपासून स्कँडिनेव्हियातील दर्यावर्दी टोळ्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर स्वाऱ्या सुरू केल्या. पुढे त्यांतील अनेक लोक तेथेच स्थायिक झाले, त्यांनी शेती केली, स्थानिकांशी सोयरिकी केल्या. त्यांच्या नॉर्स भाषेतील जे शब्द इंग्रजांच्या तोंडी बसले, त्यांत 'गेट' आहे आणि 'टेक'ही आहे. जुन्या इंग्रजीत याच धातूचा एक चुलत भाऊ जोडशब्दांत नांदत होताच. 'फर्गेट', म्हणजे विसरणे, या शब्दात तो आजही दिसतो. 'फर्गेट'च्या पोटात 'गेट' आहे हे मुलांना दाखवले की त्यांना गंमत वाटते, आणि गमतीने लक्षात राहिलेला शब्द सहसा विसरला जात नाही. राजदरबारातून किंवा धर्मपीठातून न येता शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यातून आलेला हा शब्द आहे. म्हणूनच तो अंगणात, स्वयंपाकघरात, बाजारात सर्वत्र पसरला.

आता त्याचा पसारा पाहू. 'आय गॉट अ लेटर' : मला पत्र मिळाले. 'गेट मी सम वॉटर' : मला थोडे पाणी आणून दे. 'वी गॉट टू पुणे ॲट सिक्स' : आम्ही सहा वाजता पुण्याला पोहोचलो. 'द मिल्क इज गेटिंग हॉट' : दूध तापत आहे. 'ही गॉट अ कोल्ड' : त्याला सर्दी झाली. 'आय गॉट माय हेअर कट' : मी केस कापून घेतले. 'द विंडो गॉट ब्रोकन' : खिडकी फुटली. 'नाऊ आय गेट इट' : आता समजले. 'आय गॉट टू सी द ओशन' : मला समुद्र पाहायला मिळाला. 'आय हॅव गॉट टू गो' : मला गेलेच पाहिजे. दहा वाक्ये, क्रियापद एक. आणि मराठीत मिळणे, आणणे, पोहोचणे, तापणे, होणे, करून घेणे, फुटणे, समजणे, पाहायला मिळणे, पाहिजे अशी दहा वेगवेगळी रूपे. उजव्या बाजूच्या त्या अरुंद रकान्यात हे सारे कसे मावावे?

मात्र एवढ्यावरून 'इंग्रजीला काही नियमच नाही' असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. नीट पाहिले तर या दहाही वाक्यांतून एक सूत्र ओवलेले दिसते. इंग्रजीत 'हॅव' आणि 'बी' ही दोन क्रियापदे स्थिती सांगतात: जवळ असणे आणि असणे. 'गेट' त्या स्थितीत प्रवेश करणे सांगते. पत्र आधी जवळ नव्हते, आता आहे, तो 'गेट'. दूध आधी गार होते, आता गरम होत आहे, तो 'गेट'. आम्ही आधी पुण्यात नव्हतो, आता आहोत, तो 'गेट'. कोडे आधी उलगडले नव्हते, आता उलगडले; तोही 'गेट'. 'आय ॲम वेट' म्हणजे मी ओला आहे, आणि 'आय गॉट वेट' म्हणजे मी भिजलो. 'आय हॅव अ बुक' म्हणजे माझ्याजवळ पुस्तक आहे, आणि 'आय गॉट अ बुक' म्हणजे ते माझ्या हाती आले. 'हॅव गॉट' या जोडीत मात्र हा प्रवेश पुरा झालेला असतो आणि उरते ती स्थिती. म्हणून तिचा अर्थ 'आहे' किंवा 'पाहिजे' असा होतो. जे नव्हते ते होणे, हे सूत्र एकदा ध्यानात आले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम सरावाचे आहे, आणि त्याला दुसरा उपाय नाही.

सराव विशेषतः कशाचा करायचा, तर 'गेट'च्या मागे येणाऱ्या लहान शब्दांचा. 'गेट अप' म्हणजे उठणे, 'गेट ऑफ' म्हणजे बसमधून उतरणे, 'गेट अवे' म्हणजे निसटणे, 'गेट ओव्हर' म्हणजे दुःखातून किंवा आजारातून सावरणे, 'गेट अलाँग' म्हणजे एकमेकांशी जमणे, 'गेट बाय' म्हणजे थोडक्यात कसेबसे निभावणे, 'गेट रिड ऑफ' म्हणजे एखाद्या गोष्टीपासून सुटका करून घेणे. मराठी येथे प्रत्येक कृतीला नवे क्रियापद देते. इंग्रजी क्रियापद तेच ठेवते आणि शेजारचा शब्द बदलते. मराठीलाही ही रीत अगदीच अपरिचित नाही. 'खाल्ले', 'खाऊन टाकले' आणि 'खाऊन घेतले' या तिन्हींत खाणे एकच आहे. पण टाकणे आणि घेणे या सहायकांनी त्याला तीन वेगळे रंग दिले आहेत. पहिलीच्या मुलालाही हा फरक उमगतो, आणि तो त्याला कोणी शिकवलेला नसतो.

आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे व्याकरणाच्या तासाला फारसे लक्ष दिले जात नाही. मराठीत ज्याला काही मिळते, होते, वाटते किंवा समजते, तो माणूस बहुधा 'मला' या चतुर्थीच्या रूपात येतो. मला पत्र मिळाले, मला ताप आला, मला राग आला, मला समजले. वाक्याचा कर्ता पत्र आहे, ताप आहे, राग आहे. माणूस केवळ ते ज्याच्याकडे आले तो आहे. इंग्रजीत तोच माणूस 'आय' होऊन वाक्याच्या अग्रभागी कर्त्याच्या आसनावर बसतो: 'आय गॉट अ लेटर', 'आय गॉट अ फीव्हर', 'आय गॉट अँग्री', 'आय गॉट इट'. आपली मुले 'टू मी' किंवा 'मी' अशी सुरुवात करून अडखळतात, त्याचे कारण येथे आहे. त्यांना इंग्रजी येत नाही असे आपण म्हणतो. वस्तुतः मराठी वाक्याची घडी त्यांच्या मनात इतकी पक्की असते की दुसरी घडी आहे हे कोणीतरी त्यांना एकदा दाखवावे लागते. ते दाखवण्यासाठी शिक्षकाला मराठी यावी लागते आणि वर्गात ती वापरावी लागते.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. इंग्रजीच्या तासाला मराठीचा एकही शब्द उच्चारू नये, असा आग्रह अलीकडे काही ठिकाणी धरला जातो. आम्हाला तो अमान्य आहे. कारण 'गेट' समजून घेण्याची किल्ली प्रत्येक मराठी मुलाच्या खिशात आधीपासूनच आहे. तिचे नाव 'लागणे'.

'लागणे' या क्रियापदाचा अर्थ सांगा, असे वर्गात विचारून पाहावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, पैसे लागतात. झाडाला फळ लागते, मुलाला सवय लागते, परीक्षेचा निकाल लागतो, हरवलेल्या वस्तूचा शोध लागतो. दुपारी डोळा लागतो, बाळाला दृष्ट लागते, ताक आंबट लागते. मोठा भाऊ नोकरीला लागतो, चित्रपटगृहात नवा चित्रपट लागतो, घाटात काहींना बस लागते. अमुक गृहस्थ नात्याने आपला मामा लागतो. वाटेत नदी लागते. अभ्यासात मन लागत नाही. पाऊस पडू लागला, म्हणजे पडायला सुरुवात झाली. शाळेत जावे लागते, म्हणजे जाणे भाग आहे. आणि मुलगी आईला भाकरी करू लागते, म्हणजे ती मदत करते. 'करू लागणे' या एकाच रूपात आरंभही आहे आणि मदतही आहे, आणि ऐकणाऱ्याचा कधीही गोंधळ होत नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे सर्व अर्थ येतात. त्याने 'लागणे'चा अर्थ कोणत्याही वहीत लिहून पाठ केलेला नसतो. आसपासच्या माणसांच्या तोंडून, त्या त्या प्रसंगी, पुरत्या वाक्यांतून तो त्याच्या कानावर आला आणि मनात रुजला.

हे उदाहरण मुलांपुढे ठेवल्याचे दोन लाभ होतात. पहिला असा की, एका क्रियापदाचे वीस अर्थ असणे ही इंग्रजीची लहर आहे, हा गैरसमज जातो; प्रत्येक जिवंत भाषेतील घरगुती क्रियापदे अशीच असतात, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून पटते. दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. इंग्रजीपुढे आपली भाषा आणि म्हणून आपणही दुबळे आहोत, अशी जी खोल भावना खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या मनात घर करून असते, तिला धक्का बसतो. 'लागणे' सहज वापरणाऱ्या मुलाच्या बुद्धीला 'गेट' जड जाण्याचे काहीच कारण नाही.

दोन भाषांची तुलना करताना आणखीही मौजेच्या गोष्टी हाती येतात. इंग्रजीत दुकान, यंत्र, वसतिगृह, संस्था या सर्व गोष्टी धावतात. 'रन' हे क्रियापद त्यांना लागते. मराठीत याच गोष्टी चालतात. दुकान चालते, घड्याळ चालते, शाळा चालते, आणि एखादी गोष्ट मान्य असल्यास 'चालेल' असेही आपण म्हणतो. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि तो पुरा व्हायला १९२८ साल उजाडले. त्याच्या १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. तिच्यात ४३० अर्थ सांगितले होते. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने त्याला मागे टाकले. पीटर गिलिव्हर या कोशकाराने नऊ महिने खपून केवळ 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे केले. जगातील सर्वांत मोठ्या इंग्रजी कोशात सर्वाधिक जागा अडवणारे शब्द तीन आणि चार अक्षरांचे आहेत, ही गोष्ट आपल्या इंग्रजीच्या प्रत्येक वर्गात सांगण्याजोगी आहे.

लहान क्रियापदांचे महत्त्व जाणकारांनी पूर्वीच ओळखले होते. सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानाने १९३० साली परकीयांसाठी सोप्या इंग्रजीचा एक आराखडा मांडला. त्यात सगळे मिळून ८५० शब्द होते आणि त्यांत क्रियापदे अवघी अठरा. 'गेट' त्या अठरांत आहे. 'ऑब्टेन', 'रिसीव्ह', 'अराइव्ह' नाहीत, कारण त्यांचे काम 'गेट' करू शकते. मायकेल वेस्ट या शिक्षकाने त्या काळच्या अखंड बंगालात, ढाक्यात, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी काम केले. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार उपयुक्त शब्दांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात शब्दाचा कोणता अर्थ किती वेळा वापरला जातो याचेही प्रमाण दिले होते. शब्दापेक्षा त्याचा वापर शिकवावा, हा विचार आपल्याच उपखंडातील वर्गखोल्यांशी अशा रीतीने जोडलेला आहे. आपल्याकडे मात्र 'अवघड शब्द ज्याला अधिक, त्याचे इंग्रजी चांगले' ही कसोटी आजही टिकून आहे. रजेच्या अर्जात 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' अशी दरबारी सुरुवात बिनचूक लिहिणारा विद्यार्थी परगावच्या स्थानकावर 'व्हेअर डू आय गेट ऑफ?' एवढे विचारू शकत नाही. ज्या इंग्रजीला आता इंग्रजही हात लावत नाहीत, ती आपण मुलांच्या गळी उतरवतो आणि जी प्रत्येक क्षणी लागते ती राहून जाते.

हे केवळ भाषेच्या आवडीनिवडीचे प्रकरण असते, तर आम्ही त्यावर एवढी शाई खर्च केली नसती. प्रश्न मुलांच्या पुढील वाटचालीचा आहे. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली त्याला आता बराच काळ लोटला. तो निर्णय २००० सालचा. तरीही मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावीला विज्ञान शाखेत गेलेला मुलगा पहिल्या काही आठवड्यांतच गोंधळतो. तेथील मोठ्या शब्दांनी तो घाबरतो, असे सर्वांना वाटते. आमचा अनुभव वेगळा आहे. 'फोटोसिंथेसिस' किंवा 'अ‍ॅक्सिलरेशन' हे शब्द तो दोन दिवसांत आत्मसात करतो. त्यांचा अर्थ एक आणि ठाम असतो, आणि त्या उभ्या रेघेच्या उजवीकडे तो व्यवस्थित मावतो. तो अडतो दोन मोठ्या शब्दांच्या मधल्या जागेत. गणिताचे प्राध्यापक फळ्यावर किंमत घालतात आणि म्हणतात, 'वी गेट'. हे त्याला कळते, कारण मराठी पुस्तकातही 'किंमत ठेवून मिळते' असेच होते. पुढच्या वाक्यात 'लेट अस गेट रिड ऑफ द डिनॉमिनेटर' येते, रसायनशास्त्राच्या तासाला 'द सोल्यूशन गेट्स वॉर्म' येते, कोणीतरी 'डिड यू गेट इट?' असे विचारते, आणि वर्ग हसत पुढे जातो. शेजारच्या बाकावरच्या, इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाला ज्या शब्दांकडे लक्षही द्यावे लागत नाही, त्या शब्दांपाशी आपला मुलगा थांबतो. आपण बुद्धीने कमी आहोत असे त्याला वाटू लागते आणि तो प्रश्न विचारणे सोडून देतो. शाखा बदलण्याची, शिक्षण सोडण्याची सुरुवात कित्येकदा अशा दोनचार अक्षरांपाशी होते. ज्यांच्या घरातील ही पहिलीच पिढी महाविद्यालयाची पायरी चढत आहे, त्यांच्यासाठी ही किंमत फार मोठी आहे.

आमच्या या मताला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, 'गेट' हा हलका शब्द आहे. सभ्य लेखनात तो टाळावा. या आक्षेपात तथ्य आहे. निबंधात, अर्जात, शास्त्रीय लेखनात 'रिसीव्ह', 'बिकम', 'अराइव्ह' हेच शब्द शोभतात, आणि तेही शिकवलेच पाहिजेत. पण आपण मराठीत काय करतो ते पाहावे. कार्यालयीन पत्रात 'आपले पत्र प्राप्त झाले' असे आपण लिहितो. म्हणून घरी कोणी 'आई, मला भाकरी प्राप्त झाली नाही' असे म्हणत नाही. 'मिळाले' आणि 'प्राप्त झाले' यांच्यातील अंतर मराठी मुलाला ठाऊक असते. 'गेट' आणि 'रिसीव्ह' यांच्यात तेच अंतर आहे, एवढे सांगितले की त्याला कोठे काय वापरावे हे कळते. आपली आजची रीत मुलाला केवळ 'प्राप्त होणे' शिकवते आणि 'मिळणे' शिकवायचे विसरते.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. प्रश्नपत्रिकेत गुण धड्यांच्या प्रश्नोत्तरांना असतात. गाईडमधील उत्तरे पाठ केली की ते मिळतात. मग लहान क्रियापदांचा हा खटाटोप कशाला? या आक्षेपाला आमचे उत्तर असे की, परीक्षा एक दिवसाची असते आणि भाषा आयुष्यभराची. शिवाय परीक्षेतही न वाचलेला उतारा येतो, पत्र येते, संवाद लिहायचा असतो. तेथे पाठांतराची शिदोरी संपते आणि मुलाला स्वतःच्या पायांवर चालावे लागते.

मग करावे काय? निवासी विद्यालयाला या बाबतीत एक असे सामर्थ्य लाभले आहे, जे दिवसाच्या शाळेला लाभत नाही. आपली मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत एकत्र असतात. 'गेट'चे निम्मे अर्थ वसतिगृहाच्या दिनक्रमात प्रत्यक्ष घडत असतात: 'गेट अप', 'गेट ड्रेस्ड', 'गेट इन लाइन', 'गेट रेडी', 'गेट टू क्लास ऑन टाइम', 'गेट बॅक', 'गेट टू बेड'. ही वाक्ये फळ्यावर लिहून शिकवण्याची गरज नाही. घंटा झाली की ती म्हटली जावीत. घंटेबरोबर कृती व्हावी आणि कृतीबरोबर शब्द मनात बसावा. मुलाने 'लागणे' जसे शिकले, तसेच तो 'गेट' शिकेल. इंग्रजी बोलणारे घर आपण प्रत्येक मुलाला देऊ शकत नाही. पण हे वसतिगृह दिवसातून तासभर तरी तसे घर होऊ शकते.

आमची दुसरी सूचना अशी की, प्रत्येक पंधरवड्याला एकच लहान क्रियापद घ्यावे आणि भोजनगृहाच्या भिंतीवर त्याचा एक मोठा तक्ता लावावा. मुलांनी पुस्तकात, वर्तमानपत्रात, दूरचित्रवाणीवर किंवा औषधाच्या वेष्टनावर ते क्रियापद जेथे दिसेल, ते पुरते वाक्य त्या तक्त्यावर लिहावे. सुटा शब्द लिहू नये. पंधरवडा संपला की त्या वाक्यांची वर्गवारी मुलांनीच करावी. संगणक शिकणाऱ्या मुलांना येथे एक आवडती नोंद करता येईल: आंतरजालावरील पाने मागवण्याची जी पहिली नियमावली १९९१ साली वापरात आली, तिच्यात आज्ञा एकच होती आणि ती होती 'गेट'.

तिसरी सूचना शब्दकोशाविषयी. आपली मुले कोश उघडतात, पहिला अर्थ उतरवतात आणि कोश मिटतात. लांबलचक नोंद पाहून भिण्याऐवजी, आपल्या वाक्यात कोणता अर्थ बसतो हे शोधण्याची सवय त्यांना लावली पाहिजे. एका तासात एकच शब्द पाहिला तरी चालेल. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची सूचना: मूल 'आय गेटेड' असे म्हणाले तर कोणीही हसू नये. 'गेटेड' म्हणणाऱ्या मुलाने नियम ओळखला आहे. अपवाद तेवढा शिकायचा राहिला आहे. ज्या वर्गात हसले जाते त्या वर्गात बोलणे थांबते, आणि बोलणे थांबले की भाषाही थांबते.

इंग्रजी शिकण्याचा ध्यास आपल्याला नवा नाही. सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले बहुतेक प्रमुख ग्रंथ इंग्रजीत लिहिले, आणि आपल्या ग्रंथालयात ते ओळीने मांडलेले आहेत. त्यांची भाषांतरे आपण वाचतो आणि वाचलीच पाहिजेत. परंतु ज्या शब्दांत ते लिहिले गेले त्याच शब्दांत ते वाचण्याचा अधिकार आपल्या प्रत्येक मुलाचा आहे. हा अधिकार त्याला जाड शब्दकोश पाठ करून मिळणार नाही. वाक्याला वाक्याशी जोडणाऱ्या, रोजच्या, साध्या शब्दांवर त्याचा हात बसला की मोठे शब्द आपोआप त्याच्या मागे येतील.

या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यालयाचे शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी आणि हितचिंतक यांच्यापुढे आम्ही हा विचार ठेवीत आहोत. त्यासाठी नव्या इमारतीची किंवा महागड्या साधनांची गरज नाही. एक तक्ता, एक कोश, थोडा संयम आणि मराठीविषयीचा आत्मविश्वास एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. येत्या जूनपासून इयत्ता पाचवीच्या एका तुकडीत 'गेट'पासूनच त्याचा आरंभ करावा, अशी आमची विद्यालयाला नम्र विनंती आहे.